डिरेक्टरी सर्व्हरमध्ये अ‍ॅट्रिब्यूटच्या व्हॅल्यूंना नियम लावणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत कॉलेजं असलेल्या एका शिक्षण संस्थेची डिरेक्टरी, म्हणजे सगळ्या विद्यार्थी-कर्मचाऱ्यांच्या नोंदींचा मध्यवर्ती साठा, मी सांभाळतो. वायफाय, मेल, लायब्ररी, लॅबचं लॉगिन सगळं तिच्यावर चालतं. तिच्यातली एका माणसाची नोंद म्हणजे एंट्री, नोंदीतला नाव, मोबाइल असा एकेक रकाना म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट, आणि रकान्यात भरलेलं ते व्हॅल्यू. दर जून-जुलैला प्रवेश सुरू झाले की कॉलेजांतून तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. आमच्याकडे ओपनएलडॅप आहे (एलडॅप ही डिरेक्टरीशी बोलायची पद्धत), त्यामुळे उदाहरणं त्याचीच आहेत. दुसरा सर्व्हर वापरणाऱ्यांनी प्रश्न १९ बघावा.

१. फॉर्ममध्ये तपासणी आहेच की. मग सर्व्हरवर वेगळा नियम कशाला?

कारण फॉर्म एकच नसतो. प्रवेशाचा फॉर्म वेगळा, आस्थापना विभागाचं सॉफ्टवेअर वेगळं, एक्सेलमधून एकगठ्ठा भरणारी स्क्रिप्ट वेगळी, आणि रात्री नऊ वाजता "सर, तेवढं एक नाव टाकून द्या ना" असा फोन आला की हाताने केलेली दुरुस्ती वेगळी. या सगळ्या वाटा शेवटी एकाच वेशीतून आत येतात, ती म्हणजे डिरेक्टरी. पहारा वेशीवर हवा. फॉर्मवरची तपासणी काढू मात्र नका. भरणाऱ्याला चूक तिथल्या तिथे, मराठीत समजावून सांगायचं काम फॉर्मच करू शकतो. सर्व्हर फक्त "नाही" म्हणतो.

२. स्कीमा तर आधीपासून आहे. तो काय तपासतो आणि काय नाही?

स्कीमा म्हणजे एंट्रीत काय काय आणि कोणत्या रूपात चालेल हे सांगणारी सर्व्हरची नियमावली. तो तीन गोष्टी बघतो. एंट्रीच्या ऑब्जेक्टक्लासमध्ये (म्हणजे प्रकारात) हे अ‍ॅट्रिब्यूट चालतं का, व्हॅल्यूचा सिंटॅक्स, म्हणजे लिहिण्याचं रूप, बरोबर आहे का, आणि अ‍ॅट्रिब्यूट एकच व्हॅल्यू घेणारं असेल तर दुसरी घुसत नाही ना.

सिंटॅक्स फार ढोबळ असतो. मोबाइल या अ‍ॅट्रिब्यूटला टेलिफोन नंबरचा सिंटॅक्स आहे, पण ओपनएलडॅप तिथे एवढंच बघतो की इंग्रजी अक्षरं, इंग्रजी अंक आणि ठरावीक चिन्हं आहेत ना. त्यामुळे देवनागरी अंकांत टाकलेला नंबर अडतो, पण रोमन लिपीत कुणी "नंबर नाही" असं लिहिलं तर ते सुखाने आत जातं. पोस्टलकोडचा सिंटॅक्स त्याहून सैल. तो साधा डिरेक्टरी स्ट्रिंग, म्हणजे कोणताही मजकूर, आहे, म्हणून तिथे पिनकोडच्या जागी गावाचं नाव लिहिलं तरी स्कीमाची हरकत नसते.

स्कीमाला आकार कळतो, अर्थ कळत नाही. अर्थाचा नियम आपण लावायचा.

३. स्कीमात मेलसाठी महिरपी कंसात २५६ लिहिलंय. म्हणजे त्याहून लांब मेल घेणार नाही ना?

घेईल. यात बरेच जण फसतात. आरएफसी ४५१२ या इंटरनेट मानकाच्या कागदपत्राप्रमाणे तो आकडा "सर्व्हरने निदान एवढी लांबी तरी पेलावी" अशी सूचना आहे. ती कमाल मर्यादा नाही. लांबीला खरोखर लगाम घालायचा असेल तर प्रश्न ४ मधला साइझ हा प्रकार वापरा.

४. कन्स्ट्रेंट ओव्हरले म्हणजे काय? त्यात काय काय नियम लावता येतात?

ओपनएलडॅपमध्ये डेटाबेसवर चढवायचा हा एक थर आहे. एंट्री भरणे, बदलणे आणि नाव बदलणे या तीन कामांत येणारी नवी व्हॅल्यू तो तपासतो. मॉड्यूल लोड करायचं, ओव्हरले त्या डेटाबेसला जोडायचा, आणि एकेका ओळीत "हे अ‍ॅट्रिब्यूट, हा प्रकार, ही अट" असं लिहायचं.

रोज लागणारे प्रकार असे. रेगएक्स म्हणजे व्हॅल्यू एका साच्यात बसली पाहिजे. नेगरेगएक्स म्हणजे त्या साच्यात बसता कामा नये. साइझ म्हणजे कमाल लांबी, काउंट म्हणजे किती व्हॅल्यू चालतील. युआरआय म्हणजे व्हॅल्यू डिरेक्टरीतल्याच दुसऱ्या फांदीतल्या (डिरेक्टरी झाडासारखी रचलेली असते, तिचा एक भाग म्हणजे फांदी) यादीत सापडली पाहिजे (प्रश्न ११). सेट म्हणजे एकाच एंट्रीतल्या अ‍ॅट्रिब्यूटचा एकमेकांशी मेळ (प्रश्न १५). शिवाय कोणत्याही ओळीला रिस्ट्रिक्ट जोडून तो नियम फक्त विद्यार्थ्यांच्या फांदीला किंवा फक्त कर्मचाऱ्यांना लावता येतो.

सुरुवात फोटो आणि मोबाइल या दोघांपासून करा असं मी सगळ्यांना सांगतो. जेपेगफोटोवर १३१०७२ बाइटची, म्हणजे १२८ केबीची मर्यादा लावली की निम्मी डोकेदुखी जाते. मोबाइलवरून काढलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवणारी मंडळी प्रत्येक कॉलेजात असतात. एंट्री फुगते आणि साधं शोधणंही जड होऊन बसतं.

५. मोबाइल नंबरचा साचा नेमका कसा लिहू?

भारतातला मोबाइल नंबर १० अंकी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. साच्यात आधी सुरुवातीची खूण, मग चौकोनी कंसात सहा ते नऊ, पुढे चौकोनी कंसात शून्य ते नऊ आणि त्याला "नऊ वेळा" अशी महिरपी कंसातली गुणणी, शेवटी डॉलरची खूण. हे सगळे अंक साच्यात इंग्रजीच टाइप करायचे.

सुरुवातीची आणि शेवटची खूण म्हणजे शेताचे दोन बांध. ते घातले नाहीत तर १४ अंकी आकड्याच्या पोटात कुठेतरी १० अंक जुळतात आणि सर्व्हर खुशाल हो म्हणतो. मला आलेल्या "नियम आहे पण चालत नाही" या तक्रारींत बहुतेक वेळा बांधच गायब असतात.

दुसरी चूक अशी की प्रोग्रामिंगमध्ये अंकासाठी उलटी तिरपी रेघ आणि डी लिहायची सवय असते. इथे पॉझिक्स एक्स्टेंडेड ही साचे लिहायची पद्धत आहे, तिला ती खूण कळत नाही. चौकोनी कंसच लिहा.

नंबर +९१ सह ठेवायचा की नुसता, हे एकदाच ठरवा आणि दोन्ही चालू देऊ नका. मधल्या जागा आणि जोडरेघाही साच्यात बसत नाहीत. शोधताना सर्व्हर फोन नंबरमधल्या जागा आणि जोडरेघा सोडून तुलना करतो, पण साचा मूळ अक्षरन् अक्षर बघतो.

ऑफिसच्या लँडलाइनला हा साचा लावू नका. छत्रपती संभाजीनगरचा कोड ०२४० आणि पुढे ७ अंक, नांदेडचा ०२४६२ आणि पुढे ६ अंक. दोन्हीकडे बेरीज ११ च भरते, म्हणून टेलिफोनसाठी "शून्य आणि पुढे दहा अंक" हा साचा आठही जिल्ह्यांना पुरतो.

६. पिनकोडला "४३१ ने सुरू होणारे सहा अंक" असा नियम लावला. आता लातूरच्या पोरांचे फॉर्म अडकायलेत. काय चुकलं?

हीच चूक मीही केली होती, म्हणून सविस्तर सांगतो. छत्रपती संभाजीनगर ४३१००१, जालना ४३१२०३, बीड ४३११२२, परभणी ४३१४०१, हिंगोली ४३१५१३, नांदेड ४३१६०१. सहा शहरांचे पिन डोळ्यांसमोर होते आणि मराठवाडा म्हणजे ४३१ असं डोक्यात पक्कं बसलं होतं. लातूर ४१३५१२ आहे आणि धाराशिव ४१३५०१, हे ध्यानातच आलं नाही. त्यात बीड जिल्ह्यातल्या आष्टीचा पिन ४१४ ने सुरू होतो. ४३१ आणि ४१३ म्हणजे तीन आणि एक यांची नुसती अदलाबदल, पण लातूरच्या कॉलेजात खिडकीवर बसलेल्या मॅडम सकाळपासून एकच एंट्री पुन्हा पुन्हा भरत होत्या. त्यांना वाटलं आपलंच टायपिंग चुकतंय. पाचव्या वेळी त्यांनी मुलाला घरून पोस्टाचं पाकीट आणायला सांगितलं. पोरगं औशाला जाऊन आलं. पिन पहिल्यापासून बरोबर होता.

तेव्हापासून माझं ठाम मत झालं आहे की नियम आपल्या अंदाजावर लिहायचा नाही, व्हॅल्यूच्या व्याख्येवर लिहायचा. पिनकोड म्हणजे सहा अंक, पहिला शून्य नसलेला. नियम एवढाच. विद्यार्थी कुठूनही येतो. शेजारच्या तेलंगणातून आमच्या नांदेडला येतो, त्याच्या पिनची सुरुवात तर ५ ने होते. "आमच्याकडे असले पिन नसतातच" हे वाक्य ज्या नियमामागे असेल, तो नियम लावू नका.

७. मग मी ४३१ ची एक ओळ आणि ४१३ ची दुसरी ओळ लिहिली. आता कुणाचाच पिन जाईना!

एकाच अ‍ॅट्रिब्यूटवर दोन ओळी असतील तर दोन्ही पाळाव्या लागतात. "हे किंवा ते" असा अर्थ होत नाही, "हे आणि ते" असा होतो. एकच पिन ४३१ ने आणि ४१३ ने सुरू कसा होणार? "किंवा" हवा असेल तर तो एकाच साच्यात, गोल कंसात उभी रेघ देऊन लिहायचा. मुळात अशा नियमाची गरज आहे का, ते प्रश्न ६ मध्ये.

८. नियम लावून आठ दिवस झाले, तरी जुनी घाण तशीच दिसायलीय. असं का?

ओव्हरले फक्त आत येणारी व्हॅल्यू तपासतो. आधीपासून आत बसलेल्या एंट्रींना तो हात लावत नाही, नियम लावताना जुना डेटा चाळतही नाही. बैल गेला अन् झोपा केला असं होऊ नये म्हणून क्रम असा ठेवा: आधी जुना डेटा शोधा (प्रश्न ९), दुरुस्त करा, मग नियम लावा. उलट केलंत तर प्रश्न १० मधली भानगड उभी राहते.

९. जुना चुकीचा डेटा शोधायचा कसा? फिल्टरमध्ये साचा लिहिता येतो का?

नाही. एलडॅपच्या फिल्टरमध्ये "अमुकने सुरू होणारे", "अमुक असलेले" एवढंच जमतं, रेगएक्स चालत नाही. म्हणून सगळा डेटा एलडीआयएफ फाइलमध्ये (डिरेक्टरीच्या एंट्री साध्या मजकुरात लिहिलेली फाइल) काढायचा आणि तिथे तपासायचा.

इथे एक बारीक खाच आहे. एलडीआयएफमध्ये अ‍ॅट्रिब्यूटच्या नावापुढे एक कोलन असेल तर व्हॅल्यू जशीच्या तशी दिसते. दोन कोलन असतील तर ती बेस६४ मध्ये गुंडाळलेली असते. देवनागरी मजकूर किंवा व्हॅल्यूच्या सुरुवातीला-शेवटी जागा असली की दोन कोलन येतात. म्हणजे देवनागरी अंकांत टाइप केलेला पिनकोड तुम्ही अंक शोधून पकडायला गेलात तर तो सापडणारच नाही, तिथे निरर्थक इंग्रजी अक्षरांची माळ दिसेल. पिनकोड, मोबाइल, एम्प्लॉयीनंबर यांच्यापुढे दोन कोलन दिसले की तीच ओळ संशयित समजा. लांब ओळी मोडून पुढच्या ओळीवर जातात, हेही लक्षात ठेवून आधी त्या जोडून घ्या.

देवनागरी ९ आणि इंग्रजी ९ हे माणसाला एकच, पण युनिकोडमध्ये त्यांचे क्रमांक वेगळे आहेत. सर्व्हर एकाचं दुसऱ्यात रूपांतर करत नाही. मराठी कीबोर्ड चालू राहिलेला असताना भरलेले असे पिन आमच्याकडेही निघाले. भरणाऱ्याची चूक म्हणवत नाही, पडद्यावर आकडा अगदी बरोबर दिसतो. हे रूपांतर फॉर्ममध्येच करून घ्या.

१०. मी फक्त मोबाइल बदलतोय, पण एरर पिनकोडचा येतोय. हे कसं काय?

तुम्ही मोबाइलच बदलताय, पण तुमचं सॉफ्टवेअर तसं करत नाही. बरीच सॉफ्टवेअर एंट्री उघडताना सगळी अ‍ॅट्रिब्यूट वाचतात आणि सेव्ह करताना सगळीच "रिप्लेस" म्हणून परत पाठवतात. त्यात जुना चुकीचा पिन पुन्हा वेशीवर येतो आणि अडतो. एलडॅपमध्ये बदलाची विनंती अखंड असते. एक भाग नाकारला की सगळी विनंती नाकारली जाते, म्हणून तुमचा बरोबर असलेला मोबाइलही सेव्ह होत नाही.

तात्पुरता उपाय म्हणजे पिनही त्याच वेळी दुरुस्त करणे. कायमचा उपाय दोन: जुना डेटा आधी साफ करणे, आणि सॉफ्टवेअरवाल्याला बदललेली अ‍ॅट्रिब्यूटच पाठवायला लावणे. आमच्याकडे एका सॉफ्टवेअरवाल्याने हे करायला दोन सत्रं लावली, पण केलं.

एकगठ्ठा फाइल चढवताना वेगळा अनुभव येतो. तिथे प्रत्येक एंट्री ही स्वतंत्र विनंती असते, पण पहिल्या एररला चढवणं थांबतं. चूक झाली तरी पुढे चालू ठेवण्याचा पर्याय देऊन चालवा आणि नाकारलेल्या एंट्रींची यादी वेगळी काढा.

११. जिल्ह्याच्या नावाला ठरावीक यादीच चालावी असं करता येतं का? नावं बदलली तर?

येतं, युआरआय प्रकाराने. डिरेक्टरीत एक छोटी फांदी करून तिथे आठ नावं ठेवायची: छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव. मग जिल्ह्याच्या अ‍ॅट्रिब्यूटला "व्हॅल्यू या फांदीत सापडली पाहिजे" अशी अट. बाहेरचे विद्यार्थी येत असतील तर राज्यातले सगळे जिल्हे आणि "इतर" हेही यादीत घाला, नाहीतर पुन्हा प्रश्न ६ सारखं होईल. साच्यापेक्षा यादी बरी, कारण ती बदलायला सर्व्हरच्या सेटिंगला हात लावावा लागत नाही. कार्यालयातल्या जबाबदार माणसाला त्या फांदीवर लिहायचा हक्क दिला की झालं.

२०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा या यादीची खरी परीक्षा झाली. आम्ही नवी नावं यादीत घातली, जुनी तशीच राहू दिली, सगळ्या जुन्या एंट्री स्क्रिप्टने नव्या नावावर आणल्या आणि मगच जुनी नावं यादीतून काढली. जुनी नावं आधी काढली असती तरी जुन्या एंट्री मोडल्या नसत्या (प्रश्न ८), पण त्या उघडून सेव्ह करणारा प्रत्येक जण अडला असता. दहावीच्या सनदेवर जुनं नाव असतं आणि ते तसंच राहणार. म्हणून कागदपत्रावरचं ठिकाण आणि आजचा पत्ता यांना वेगवेगळी अ‍ॅट्रिब्यूट द्या. जन्मस्थळाला ही यादी लावू नका.

१२. नावं मराठीत ठेवायची आहेत. चालतं का? लांबीचा नियम कसा लावू?

चालतं. सीएन (पूर्ण नाव), एसएन (आडनाव), डिस्प्लेनेम (दाखवायचं नाव) यांना डिरेक्टरी स्ट्रिंगचा सिंटॅक्स आहे आणि ते यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिपी सामावणाऱ्या रूपात, साठतं. इंग्रजी आणि मराठी दोन्ही हवं असेल तर आरएफसी ३८६६ प्रमाणे अ‍ॅट्रिब्यूटला भाषेचं शेपूट लावता येतं, मराठीसाठी ते एमआर. मेलला मात्र आयए५ हा फक्त इंग्रजी अक्षरांचा सिंटॅक्स आहे, तिथे देवनागरी बसत नाही.

साइझचा नियम बाइट मोजतो, अक्षरं नाही. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूणसुद्धा, ३ बाइट घेतं. "छत्रपती संभाजीनगर" वाचताना १० अक्षरं, पण त्यात १६ देवनागरी चिन्हं आणि एक जागा, म्हणून ४९ बाइट. इंग्रजी नावाच्या अंदाजाने ४० ची मर्यादा लावली तर आपल्याच शहराचं नाव बसायचं नाही. मराठी मजकुराला मर्यादा लावताना इंग्रजीच्या तिप्पट-चौपट धरा.

साच्यातही हाच धोका आहे. "एक अक्षर" म्हणजे बाइट की चिन्ह, हे सर्व्हर कोणत्या लोकेलमध्ये (भाषेच्या सेटिंगमध्ये) चालतोय त्यावर ठरतं. मराठी नावाला सर्व्हरवर रेगएक्स लावूच नका असं मी म्हणेन. ते काम फॉर्मचं.

१३. "कुऱ्हाडे" आडनाव शोधलं तर निम्मेच विद्यार्थी येतात. नियमाने हे सुटेल?

सर्व्हरच्या नियमाने सुटणार नाही, पण कारण समजून घ्या. हा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्यावर साधा र, पाय मोडण्याची खूण आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, आत मात्र वेगळे साठतात, आणि एक शोधला तर दुसरा सापडत नाही. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे समान रूपं एकसारखी करण्याची पद्धत, तीही या दोघांना एक करत नाही.

पहिलं रूप प्रमाण मानून फॉर्ममध्येच दुसऱ्याचं पहिल्यात रूपांतर करा, आणि जुना डेटा एकदा स्क्रिप्टने सारखा करून घ्या. हे क्षुल्लक वाटतं, पण गुणपत्रकाच्या वेळी यादीत नाव सापडलं नाही म्हणून दारात उभं राहिलेलं पोर ज्याने पाहिलं आहे त्याला ते क्षुल्लक वाटत नाही.

१४. काही जणांना आडनावच नसतं. एसएन तर रिकामं ठेवता येत नाही. काय टाकू?

पर्सन या ऑब्जेक्टक्लासमध्ये सीएन आणि एसएन सक्तीचे आहेत, त्यातून सुटका नाही. टिंब किंवा जोडरेघ टाकू नका. पुढे कुणीतरी नावांना साचा लावतं आणि नेमकी हीच माणसं अडतात. शिवाय त्यांना मिळणाऱ्या प्रत्येक मेलवर नावापुढे ते टिंब दिसतं. असलेलं एकच नाव एसएनमध्येही ठेवा. माणसाला ते मान देणारं आहे आणि शोधायलाही सोपं जातं.

१५. पूर्ण नाव हे नाव आणि आडनाव जोडूनच बनलं पाहिजे, असा नियम लावू का?

सेट प्रकाराने लावता येतो: गिव्हननेम, एक जागा आणि एसएन यांची जोडणी सीएनशी जुळली पाहिजे. ओळीत तिन्ही अ‍ॅट्रिब्यूटची नावं लिहावी लागतात, नाहीतर नुसतं आडनाव बदललं तर नियम जागा होत नाही.

पण आपल्याकडे लावू नये, असं माझं मत. आपल्या नावात मधे वडिलांचं नाव असतं, हजेरीपटावर आडनाव आधी येतं, लग्नानंतर काही जणी दोन्ही आडनावं ठेवतात. प्रश्न १४ मधल्यांना तर नाव दोनदा लिहावं लागेल. कर्मचाऱ्यांच्या छोट्या फांदीवर रिस्ट्रिक्ट लावून प्रयोग करायला हरकत नाही.

१६. एकच नोंदणी क्रमांक दोघांना जाऊ नये. कन्स्ट्रेंटने होईल का?

कन्स्ट्रेंटने नाही, त्यासाठी युनिक नावाचा वेगळा ओव्हरले आहे. कोणत्या फांदीत कोणतं अ‍ॅट्रिब्यूट अद्वितीय हवं ते सांगितलं की प्रत्येक नव्या व्हॅल्यूसाठी तो आधी शोध घेतो. त्या अ‍ॅट्रिब्यूटला समानतेचा इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) केलेला हवाच, नाहीतर प्रवेशाच्या दिवसांत सर्व्हर रांगेला लागतो.

तरी दुबार दिसले तर बहुधा दोनपैकी एक कारण असतं. पहिलं, दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या आणि दोघींनाही शोधात काही सापडलं नाही. नव्या आवृत्त्यांत सीरियलाइझ हा शब्द जोडून अशा विनंत्या एकामागून एक घेता येतात. दुसरं, तुमच्याकडे लिहिता येणारे दोन सर्व्हर आहेत. एक क्रमांक नांदेडला आणि तोच संभाजीनगरला भरला गेला, आणि नंतर प्रतिकृती होऊन दोन्हीकडे दोन्ही आले. रेप्लिकेशनने, म्हणजे अशा प्रतिकृतीने, आलेल्या डेटावर हा ओव्हरले हरकत घेत नाही. लिहिणारे सगळे सर्व्हर या ओव्हरलेसह ठेवाच, पण खरा उपाय हा की नोंदणी क्रमांक भरण्याचं काम एकाच सर्व्हरवर व्हावं.

मोबाइल अद्वितीय करू का, असंही विचारतात. करू नका. एका घरात एकच फोन असतो आणि दोन भावंडं एकाच कॉलेजात असतात.

१७. एरर १९, २१, ६५ येतात. कुठला कशाचा?

२१ म्हणजे सिंटॅक्स चुकला (प्रश्न २). ६५ म्हणजे ऑब्जेक्टक्लासचा भंग: सक्तीचं अ‍ॅट्रिब्यूट नाही किंवा न चालणारं आलं. ५० म्हणजे तुम्हाला हक्कच नाही, व्हॅल्यूशी संबंध नाही. १९ फसवा आहे. कन्स्ट्रेंटचा भंग, युनिकचा भंग, एकेरी अ‍ॅट्रिब्यूटमध्ये दुसरी व्हॅल्यू आणि पासवर्ड धोरणाचा भंग, सगळ्यांना १९ च येतो. म्हणून आकडा पाठवू नका, सोबत येणारं वाक्य पाठवा. त्यात बऱ्याचदा अ‍ॅट्रिब्यूटचं नाव असतं.

१८. पासवर्डला रेगएक्स लावून किमान लांबी ठरवू का?

नको. पासवर्ड बऱ्याचदा आधीच हॅश होऊन, म्हणजे मूळ शब्द ओळखू न येणाऱ्या रूपात, येतो, आणि हॅशची लांबी तपासून काय मिळणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. पासवर्डसाठी पीपॉलिसी ओव्हरले आहे: किमान लांबी, जुने पासवर्ड पुन्हा न चालणे वगैरे. त्यातल्या दर्जा तपासण्याच्या सेटिंगला २ दिलं तर तपासता न येणारा, म्हणजे हॅश होऊन आलेला पासवर्ड सर्व्हर नाकारतो. रूटडीएनने (सर्वाधिकार असलेल्या खात्याने) बदललेल्या पासवर्डला हे धोरण लागत नाही, म्हणून रोजच्या कामाला रूटडीएन वापरू नका.

१९. आमच्याकडे ३८९ डिरेक्टरी सर्व्हर किंवा अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आहे. तिथे काय?

३८९ मध्ये सिंटॅक्स तपासणी, अद्वितीयतेचा प्लगइन, आणि युआयडी-मेलमध्ये ७ बिटांबाहेरची अक्षरं येऊ न देणारा प्लगइन आहे. जुना डेटा सिंटॅक्सविरुद्ध चाळून अहवाल देणारी सोयही आहे, ती मला फार आवडते. अनेक मुख्य सर्व्हर असतील तर अद्वितीयतेची प्रश्न १६ मधलीच अडचण तिथेही येते.

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत स्कीमामध्येच किमान-कमाल मर्यादा असतात आणि प्रश्न ३ च्या उलट त्या पाळल्या जातात. रेगएक्सचा नियम तिथे नाही. साचा तपासायचा तर फॉर्ममध्ये किंवा मधल्या सॉफ्टवेअरमध्ये.

२०. मोबाइल भरणं सक्तीचं करायचंय. "रिकामं नसावं" असा साचा लिहिला तरी लोक न भरता जातात.

साचा व्हॅल्यूला लागतो. अ‍ॅट्रिब्यूटच आलं नाही तर तपासायला काहीच नसतं. असलेली व्हॅल्यू काढून टाकण्यालाही कन्स्ट्रेंट अडवत नाही. सक्तीसाठी स्वतःचा ऑब्जेक्टक्लास करून त्यात ते सक्तीचं ठेवा, किंवा डीआयटी कंटेंट रूल (एंट्रीत काय हवंच ते सांगणारा स्कीमातला नियम) लिहा. प्रमाण स्कीमाच्या फाइलमध्ये फेरफार करू नका, पुढच्या अपग्रेडला तो अंगाशी येतो.

आणि सक्ती करण्याआधी हे बघा की प्रत्येकाकडे ती गोष्ट आहे का. नसेल तर लोक ९ हा अंक दहा वेळा दाबतात, आणि तो आकडा तुमच्या साच्यात बरोबर बसतो.

२१. एखाद्या खऱ्या अपवादासाठी नियम बाजूला ठेवता येतो का? अ‍ॅडमिनला नियम लागू आहे का?

कन्स्ट्रेंट रूटडीएनलाही लागू आहे. अपवाद करायचा तर विनंतीसोबत रिलॅक्स कंट्रोल (नियम सैल कर असं सर्व्हरला सांगणारी खूण) पाठवावा लागतो, आणि त्यासाठी व्यवस्थापनाचा हक्क लागतो. ही वाट मोजक्या लोकांकडेच ठेवा आणि प्रत्येक वापराची वहीत नोंद करा.

न कळत नियम चुकवणाऱ्या दोन वाटा मात्र कायम उघड्या असतात. सर्व्हर बंद ठेवून, फाइलमधून थेट भरणाऱ्या स्लॅपअ‍ॅडने डेटा भरला तर ओव्हरले मधे येतच नाही. फक्त स्कीमा तपासला जातो. बॅकअपवरून सर्व्हर उभा केला की बॅकअपमधली सगळी जुनी घाण परत आत येते, तेव्हा प्रश्न ९ ची चाळणी पुन्हा लावा. दुसरी वाट रेप्लिकेशनची. मुख्य सर्व्हरवर नियम आहे आणि दुसऱ्या लिहिणाऱ्या सर्व्हरवर लावायचा राहिला, तर तिथून आलेली चुकीची व्हॅल्यू मुख्य सर्व्हर न तपासता घेतो. नियम बदलला की तो लिहिणाऱ्या प्रत्येक सर्व्हरवर त्याच दिवशी बदला, आणि प्रत्येकावर मुद्दाम एक चुकीचा पिन भरून बघा. १९ आला पाहिजे.